तुमचे सव्वीस वडापाव आणि माझी म्हैस

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या एक ताई बारशाच्या आणि वाढदिवसाच्या ऑर्डरी घेऊन सॉफ्ट टॉय शिवतात. आता त्यांना २५ ते ४० वयाच्या गिऱ्हाइकासाठी काहीतरी वेगळं करायचं आहे. पहिला प्रयोग म्हणून त्यांनी हसऱ्या तोंडाचे ३० वडापाव शिवले आणि ८९९ रुपये किंमत लावली. चार गेले, २६ घरात पडून आहेत. चुकलं कुठे, किंमत उतरवू का, आणि ‘फक्त मोठ्यांसाठी’ असं लेबल लावलं की बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरोच्या) परवान्याच्या भानगडीतून सुटका होते हे खरं का, असं त्या विचारतात.

ताई, किंमत उतरवू नका. वडापावांचं काय करायचं ते शेवटी सांगते. त्याआधी १४ वर्षं स्टॉलमागे उभी राहून जे बघतेय ते ऐका.

तिशीतली बाई येते. आधी लांबूनच बघते. मग एखादं उचलते आणि त्यावर अंगठा फिरवते, बहुतेक वेळा कानावर नाहीतर पोटावर. मग आजूबाजूला कोणी ओळखीचं आहे का याचा अंदाज घेते. मग टॅग उलटून किंमत. आणि मी काही विचारलेलं नसताना म्हणते, “भाचीसाठी बघतेय.” सुरुवातीला मी भोळेपणानं भाचीचं वय विचारायची, म्हणजे तसं सुचवता येईल. समोरची गडबडायची. “असेल पाच... सहा...” आता विचारत नाही. पुरुष असेल तर ‘बायकोसाठी’ म्हणतो आणि नेमकं सगळ्यात वजनदार, सगळ्यात झोपाळू ते उचलतो. ही भाची नसते हे मला माहीत, तिलाही माहीत. आम्ही दोघी तिचं नाव राखून व्यवहार पुरा करतो. माझं दुकान त्या भाचीच्या जिवावर चालतं.

म्हणून ‘मोठ्यांसाठी’ हा शब्द मी पाटीवर, टॅगवर, इन्स्टावर, कुठेच लिहीत नाही. लिहिला की समोरच्याचं पांघरूण ओढून घेतल्यासारखं होतं. एकदाच लिहिला होता, त्याची गोष्ट सांगते. ऑनलाइन जाहिरातीत मी इंग्रजीतले ‘अ‍ॅडल्ट’ आणि ‘टॉय’ हे दोन शब्द शेजारी शेजारी टाकले. तासाभरात जाहिरात नाकारली, खातं आठवडाभर गोठवलं, आणि तेवढ्या वेळात जे मेसेज येऊन गेले होते ते इथे सांगण्यासारखे नाहीत. घरात अजून कोणी पाहुणा आला की नवरा हा किस्सा काढतो.

गंमत म्हणजे कायद्यासमोरही तो शब्द उपयोगी पडत नाही. खेळण्यांचा गुणवत्ता नियंत्रण आदेश २०२० सालचा, १ जानेवारी २०२१ पासून लागू. त्यातली व्याख्या अशी, की १४ वर्षांखालच्या मुलांनी खेळायला वापरावी म्हणून बनवलेली, किंवा उघडच तसा हेतू दिसणारी वस्तू, मग ती फक्त त्यांच्यासाठी असो वा नसो. हे ‘असो वा नसो’ तुमच्या लेबलला पुरून उरतं. डोळे असलेला, गुबगुबीत, कुशीत मावणारा वडापाव मुलांसाठी नाही हे कुठल्या अधिकाऱ्याला पटवणार? बाहेर पाठवायचं मनात असेल तर तिकडेही तेच. अमेरिकेच्या नियमांत तीन वर्षांखालच्या मुलांच्या वस्तूंची उदाहरणं दिली आहेत, त्यात भरलेले प्लश (मऊ लवेच्या कापडाचे) प्राणी नाव घेऊन आहेत. युरोपात संग्राहकांच्या वस्तूंना १४ वर्षांवरच्यांसाठी असं ठळक छापून सूट मिळते, पण मऊ, कुशीत घ्यायची खेळणी ती मंडळी ३६ महिन्यांखालच्या बाळांचीच धरतात. पळवाट शोधण्यात घालवाल तेवढ्या वेळात नमुना तपासून होईल.

आपल्याकडे सूट आहे ती विकास आयुक्त (हस्तशिल्प) यांच्याकडे नोंदलेल्या कारागिरानं स्वतः बनवून विकलेल्या मालाला, आणि चन्नपट्टणच्या लाकडी खेळण्यांसारख्या भौगोलिक मानांकन मिळालेल्या वस्तूंना. तुम्ही स्वतः शिवता, स्वतः विकता, तर कारागीर कार्डाचं आधी बघा. उद्या दहा मशिनं टाकून मुली कामाला ठेवल्या तर मात्र त्या कार्डावर विसंबू नका, परवाना लागणार. किंवा परवाना असलेल्या युनिटकडून जॉबवर्कनं करून घ्या. तपासणी आयएस ९८७३ या भारतीय मानकाप्रमाणे होते. पहिल्या भागात ओढाताण, शिवणी, बारीक तुकडे सुटतात का ते बघतात. दुसऱ्यात कापड कसं आणि किती वेगानं पेटतं ते. तिसऱ्यात शिसं वगैरे घातक धातू. एजंट हजारो रुपये मागेल. त्याच्याकडे जाण्याआधी बीआयएसच्या कार्यालयात स्वतः जाऊन या, मुंबई-पुण्यात दोन्हीकडे आहे.

माझा स्वतःचा नियम साधा आहे. गिऱ्हाईक चाळिशीचं असलं तरी वस्तू रांगत्या पोराच्या तोंडात जाणार असं धरून शिवायची. डोळे भरतकामाचे, बटण नाही, तार नाही, मणी नाही. मोठ्या माणसाच्या घरात लहान पोरं येतातच. कधी कधी खरी भाचीसुद्धा येते.

आता वडापाव. जे चार गेले ते कोणी नेले आठवून बघा. मी पैज लावते, चारही भेट म्हणून गेले असतील. मुंबईहून बंगळूरला गेलेल्या मित्राला, परदेशी निघालेल्या बहिणीला. वडापाव हा विनोद आहे. विनोद माणूस एकदा विकत घेतो, दुसऱ्याला देतो आणि त्यासाठी ८९९ त्याला जड वाटतात. स्वतःच्या उशीशेजारी ठेवायला तो विनोद नेत नाही. तुम्ही म्हणाल, लंडनची जेलीकॅट कंपनी टोस्टची, अंड्यांची, क्रोसाँची मऊ खेळणी विकतेच की. १९९९ साली सुरू झालेली कंपनी, तिच्या खाऊच्या खेळण्यांसाठी लोक रांगा लावतात, बरोबर. पण त्यांचं एखादं खेळणं हातात घेऊन नीट बघा. डोळे म्हणजे दोन ठिपके, तोंड म्हणजे एक बारीकशी रेघ, आणि खाली कॉर्डरॉयचे दोन लोंबते पाय. ते पाय लागले की टोस्टचा ‘तो’ होतो. कुठेतरी बसतो, कंटाळतो, वाट बघतो. तुमच्या वडापावला पाय नाहीत आणि त्याचं तोंड, रागावू नका, एलआयसी एजंटसारखं हसतंय.

हे तोंड सगळ्यात महाग पडतं. लहान मुलाच्या खेळण्यात आपण भाव ठळक करतो, कारण मुलाला ते लांबून ओळखता यावं लागतं. मोठं माणूस रात्री साडेनऊला लोकलमधून उतरून घरी येतं, त्याचा बॉसशी खटका उडालेला असतो, आणि समोर हे सदा हसतमुख! दुसऱ्या दिवशी ते कपाटात जातं. जपानच्या सॅनरिओची हॅलो किटी १९७४ पासून चालते आहे आणि तिला तोंडच नाही. बघणाऱ्याचा जो मूड, तोच तिचा. तेव्हा तोंड काढा, किंवा इतकं बारीक करा की हसतंय की नुसतं मिटलंय हे कळू नये. डोळे चेहऱ्याच्या मध्यरेषेच्या खाली आणि एकमेकांपासून लांब. तान्ह्या बाळाच्या चेहऱ्याची ठेवण तशी असते आणि ती बघून माणूस विरघळतो, हे प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या कोनराड लोरेन्झनं १९४३ मध्येच मांडून ठेवलंय. कपाळ मोठं दिसलं पाहिजे. नमुना करताना डोळे आधी शिवूच नका. काळ्या फेल्टचे दोन गोल कापा, टाचणीनं टोचून अर्धा सेंटीमीटर खाली-वर, आत-बाहेर सरकवत प्रत्येक जागी फोटो काढा. अर्ध्या सेंटीमीटरमध्ये माणूस बदलतो. माझी मुलगी या खेळात माझ्यापेक्षा तयार आहे, तिच्या हो-नाहीवर मी डोळे कायम करते.

आता माझ्या म्हशीवरून बाकीचं सांगते, कारण ती पाचदा चुकली आणि आज सगळ्यात जास्त तीच जाते.

कल्पना साधी होती. डबक्यात बसलेली, डोळे अर्धे मिटलेले, कोणाचं काही देणं नसलेली म्हैस. ऑफिसात राबणाऱ्या कोणालाही ती आपली वाटावी. पहिला नमुना काळ्याभोर मिंकीचा, म्हणजे आखूड लवेच्या मऊ कापडाचा केला. हातात झकास, पण फोटोत काळा डाग. डोळे दिसेनात, कान दिसेनात. काळ्या लवेवर उजेड पडून परत येत नाही, त्यामुळे आकार सपाट होतो. दुसऱ्यांदा राखाडीकडे झुकणारा काळा घेतला, नाकाडाला दोन छटा फिकट तुकडा लावला, पापण्यांच्या दोन कमानी मातकट दोऱ्यानं भरल्या. तेव्हा कुठे ती फोटोत दिसायला लागली. ऑनलाइन विकायचं तर काळं आणि पांढरंशुभ्र दोन्ही टाळा.

उभी म्हैस की बसलेली, यावर महिना गेला. उभीला चार पाय, चार खूर, पोटाखालचा तुकडा मिळून २३ तुकडे झाले. बसलेलीचे पाय पोटाखाली गेले, समोर नुसते दोन उंचवटे राहिले आणि तुकडे झाले ११. नवीन माणूस इथे गफलत करतो. त्याला वाटतं खेळणं मोठं तर खर्च मोठा. खर्च तुकड्यांचा असतो. प्रत्येक तुकडा कापायचा, जुळवायचा, टाचायचा, शिवायचा, सुलटवायचा. हाताएवढं २३ तुकड्यांचं खेळणं मांडीएवढ्या ११ तुकड्यांच्या खेळण्यापेक्षा महाग पडतं. त्यामुळे कागदावर पॅटर्न पूर्ण झाला की मी प्रत्येक तुकड्याला विचारते, तू नसलास तर काय बिघडेल? बहुतेकांच्या जागी एक डार्ट, म्हणजे कापड चिमटून घातलेली शिवण पुरते.

शिंगं हे वेगळं पुराण. मी आखूड, गोलसर केली होती, सुलटवायला सोपी म्हणून. सोलापूरकडचे एक काका स्टॉलवर आले, म्हैस उचलून चष्मा वर केला आणि म्हणाले, “ही मुऱ्हा का पंढरपुरी, एकदा काय ते ठरवा.” मुऱ्हाची शिंगं घट्ट वळलेली असतात, पंढरपुरीची लांब, मागे खांद्यापलीकडे गेलेली, तलवारीसारखी. माझी कुठलीच नव्हती. मला ते फार लागलं. पंढरपुरीच करायची ठरवलं. पण लांब निमुळती नळी मिंकीत सुलटत नाही, टोकाला लव अडकून गोळा होतो. त्यावर उपाय म्हणजे शिंगाला मिंकीऐवजी बारीक लवेचं पातळ कापड, टोकाशी माया (शिवणीबाहेर सोडलेलं कापड) तीन मिलिमीटरवर छाटलेली, आणि सुलटवायला डॉक्टरांकडे असतो तो लांब चिमटा. भरायचं चिमूट चिमूट, टोकापासून. तरी लांब शिंग चार दिवसांत मान टाकायचं. तार घालायची नाही हे ठरलेलं. शेवटी शिंगं मागे वळवून मानेला आतल्या बाजूनं दोन-दोन टाके घातले. आता ती पडत नाहीत, आणि गिऱ्हाईक बोलता बोलता त्या कमानीत बोट अडकवतं. हे मी ठरवून केलेलं नाही, झालं.

मायेचं निघालंच आहे म्हणून सांगते. बाकी सगळीकडे सहा मिलिमीटर माया सोडाच. मिंकी विणलेलं असतं, सुटे धागे निघत नाहीत, म्हणून लोक तीनवर शिवतात आणि वर्षाच्या आत मांडीची शिवण उसवते. मोठी माणसं खेळण्याशी दांडगाई करत नसतील, पण त्यावर डोकं ठेवून झोपतात, आणि ऐंशी किलोच्या माणसाचं डोकं हलकं नसतं. टाका दोन ते अडीच मिलिमीटरचा, ताणाच्या शिवणी दोनदा, सुई बॉलपॉइंट, म्हणजे गोल टोकाची. साध्या सुईनं विणीतला फास तुटतो आणि भोक नंतर वाढत जातं.

लवेची दिशा. तुम्ही बारशाची खेळणी करता तेव्हा कापड वाचवायला तुकडे उलटसुलट मांडत असाल. मीही मांडायचे. मोठ्या गिऱ्हाइकाचा अंगठा ते लगेच पकडतो. नाकापासून शेपटीकडे हात फिरवला की लव बसली पाहिजे. पोटाचा तुकडा उलटा लागला तर हात अडतो आणि उजेडात त्याचा रंगही वेगळा दिसतो. प्रत्येक तुकड्यावर बाण काढा आणि सगळे बाण एकाच दिशेनं मांडा. कापड जास्त जातं, जाऊ द्या. मिंकी आडव्या अंगानं ताणलं जातं हेही बाणाबरोबरच बघा. तोच पॅटर्न उभा मांडला तर म्हैस लांबोडकी होते, आडवा मांडला तर गोल. कापताना फक्त मागचं कापड कापायचं, कात्रीचं टोक लवेखालून सरकवत. घरभर उडणाऱ्या लवेवर मात्र अजून मला उपाय सापडलेला नाही. आमच्याकडे आमटीतसुद्धा सापडते.

कापड वाचवण्यावरून आठवलं. जर्मनीतल्या गिंगेन गावच्या श्टाइफ कंपनीनं १९०२ मध्ये अस्वल आणलं, त्याच सुमारास अमेरिकेत अध्यक्ष ‘टेडी’ रूझवेल्टच्या शिकारीच्या किश्शावरून ‘टेडी’ हे नाव पडलं. त्या जुन्या अस्वलांत काहींच्या तोंडावर मधोमध उभी शिवण दिसते. कारण असं सांगतात, की मोहेरच्या (अंगोरा बकरीच्या लोकरीच्या कापडाच्या) एका पट्ट्यात सहा डोकी पूर्ण बसायची आणि सातव्याचं कपाळ जोडून घ्यावं लागायचं. काटकसरीतून आलेली ती शिवण. आज संग्राहक नेमकी तीच अस्वलं जास्त पैसे मोजून घेतात. त्याच कंपनीचं १९०४ चं एक अस्वल १९९४ साली लंडनच्या क्रिस्टीजच्या लिलावात १,१०,००० पौंडांना गेलं. मोठी माणसं खेळणी घ्यायला लागली ती काही इन्स्टामुळे नाही.

भरणी. बाजारात फायबर मागितलं की कापसासारखं काहीतरी पिशवीत घालून देतात. पोकळ, स्प्रिंगसारखं वळलेलं, सिलिकॉन दिलेलं पॉलिएस्टर फायबर मागा, आणि पिशवीत हात घालून मूठ दाबून सोडा. फुगून परत आलं पाहिजे. लहान मुलांचं खेळणं आपण ठासून भरतो, कारण ते उभं राहावं लागतं. मोठ्यांना ढिलं आवडतं, मांडीवर सांडल्यासारखं. पण सगळंच ढिलं ठेवलं तर मान मोडते. मी नाकाड आणि मान घट्ट भरते, पोट सैल ठेवते, आणि बुडाशी वजन.

वजन हे मोठ्यांच्या खेळण्याचं खरं गुपित, हे मला फार उशिरा कळलं. २५ सेंटीमीटरची म्हैस नुसत्या फायबरची असेल तर उचलताना हाताची फसगत होते. दिसते भरीव, लागते पोकळ. बुडाशी दीडशे ग्रॅम दाणे घातले की ती टेबलावर बसते आणि हातात आली की कोणीतरी आल्यासारखं वाटतं. आपल्याकडे तान्ह्या बाळाला मोहरीची उशी करतात, त्यावरून मी पहिल्यांदा मोहरीच घातली होती. जूनमध्ये घातली, सप्टेंबरात म्हशीच्या पोटातून किडे बाहेर आले. मग प्लास्टिकचे दाणे, नुसते फायबरात मिसळून. कोथरूडच्या एका गिऱ्हाइकानं मशीनमध्ये धुतलं, शिवण गेली, दाणे ड्रमभर आणि पंपात. दुरुस्तीचे पैसे मी भरले. तेव्हापासून दाणे आधी घट्ट विणीच्या सुती पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, दोन्ही दुहेरी शिवलेल्या, आणि बाहेरची पिशवी खेळण्याच्या आतल्या शिवणीतच पकडलेली, म्हणजे ती पोटात फिरत नाही. धुण्याच्या सूचनेत ‘हातानं’ असं मोठ्या अक्षरात.

हिशेब असा. म्हशीला कापड ९५ रुपये, फायबर ४०, दाणे आणि पिशव्या २५, भरतकाम ४५, दोरा-लेबल-टॅग २०, कापण्यापासून शेवटच्या हातटाक्यापर्यंत मजुरी २१०, खोका आणि पिशवी ३५. झाले ४७०. बिघडलेले, फोटोत वापरलेले, बदलून दिलेले नग धरून मी त्यावर दहा टक्के चढवते, म्हणजे ५१७. विकते १,४५०ला. जास्त वाटतं ना? पण गिफ्टच्या दुकानात ठेवलं की दुकानदार ४० टक्के कापतो, हातात येतात ८७०. त्यातून भाडं, वीज, जाहिरात. तुम्ही मजुरीत स्वतःचे तास धरत नाही, हे मी न विचारता सांगू शकते. धरा. तुमच्या ८९९ मध्ये पैशांची चूक नव्हती, वस्तू ८९९ची वाटत नव्हती इतकंच. २९९ला उतरवलीत तर २६ संपतील, आणि पुढचं काहीही त्याच गिऱ्हाइकाला ८९९ला देता येणार नाही.

कुरियरचा हिशेब आकार ठरवण्याआधी करा. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून बरेच जण ५,०००नं भागतात आणि ते किलो धरून पैसे लावतात. ४० बाय ३० बाय ३० चा खोका म्हणजे ७.२ किलो, आत सहाशे ग्रॅमचं अस्वल. माझी पहिली दिवाळी या भागाकारात गेली. २४ बाय १८ बाय १६ च्या खोक्यात १.४ किलोच्या आत बसतं, म्हणून माझं सगळं सामान त्या खोक्याभोवती बेतलेलं आहे. हवा काढून चपटं करून पाठवू नका. फायबर उठतं, पण भरतकामाशेजारी लवेला पडलेली घडी जात नाही, आणि खोका उघडल्यावर समोर चुरगळलेला चेहरा दिसतो.

फोटो हातात धरून काढा. नुसतं टेबलावर ठेवून काढला तर आकार कळत नाही आणि “फोटोत मोठं वाटलं होतं” हे वाक्य ऐकावं लागतं. मागे पाळणा, फुगे, रंगीत ठोकळे नकोत. लॅपटॉप, चहाचा कप, चुरगळलेली चादर चालते. नाव ठेवा. माझ्या म्हशीचं नाव सुमन. टॅगवर एवढंच छापलंय, ‘सुमन. घाई नाही.’ लोक मेसेज करतात तेव्हा “म्हैस आहे का” असं विचारत नाहीत, “सुमन आहे का” विचारतात. ‘क्यूट’, ‘गोडुली’ वगैरे लिहू नका, ते बारशाला ठीक.

दोन मोह टाळा. एक, ‘लवकरच बंद’ म्हणून टंचाई दाखवायचा. १९९३ साली आलेल्या, अमेरिकेच्या टाय कंपनीच्या बीनी बेबीज या छोट्या खेळण्यांनी पुढे तेच केलं, एकेक नग निवृत्त करत भाव चढवले, आणि दशक संपेपर्यंत फुगा फुटला; गुंतवणूक म्हणून घेतलेल्यांकडे पेट्या पडून राहिल्या. तुमच्याकडे ते भाव चढवणारे येणारही नाहीत, नुसतं खरं गिऱ्हाईक चिडेल. माझ्या एका बाईंची सुमन रिक्षात राहिली, त्यांना दुसरी तशीच हवी होती. ती मी देऊ शकले, त्यानंतर त्यांच्या ऑफिसातून नऊ ऑर्डरी आल्या. दुसरा मोह बंद खोक्याचा, आत काय निघेल ते नशीब. लाबुबूमुळे सध्या सगळ्यांना ते सुचतंय. लाबुबू हे दातेरी हसणारं बाहुलं विकणाऱ्या चीनच्या पॉप मार्ट कंपनीकडे ते जमतं कारण एकेका मालिकेचे नग अफाट असतात आणि हवा तो मिळेपर्यंत लोक परत परत घेतात. ३० नगांच्या लॉटमध्ये नको असलेला रंग मिळालेलं गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही. आणि लाबुबूची नक्कल शिवून द्या अशी ऑर्डर येईल, हमखास येईल, ती घेऊ नका.

स्वतःच्या डिझाइनचं रक्षण हा भाग आपल्याकडे कोणी सांगत नाही. आकाराची, ठेवणीची नोंदणी डिझाइन कायदा २००० खाली होते, दहा वर्षांची, पुढे पाच वाढवून मिळतात. पण नोंदणीआधी डिझाइन जगजाहीर झालेलं चालत नाही. म्हणजे आधी अर्ज, मग इन्स्टा. आणि कॉपीराइट आपोआप असतोच असं समजून बसू नका. नोंदणी होऊ शकत होती पण केली नाही, अशा डिझाइनचे ५० पेक्षा जास्त नग कारखानी पद्धतीनं निघाले की त्यावरचा कॉपीराइट संपतो. सुमनच्या बाबतीत मी फोटो आधी टाकला होता. आज तिच्यासारखी एक चपट्या शिंगांची म्हैस रस्त्यावर २५०ला मिळते. मी एक आणून घरी ठेवली आहे. तिची लव उलटी आहे.

आता तुमचे २६. सगळ्यांवर एकदम हात टाकू नका, एक घ्या. खालची शिवण चार बोटं उसवा, थोडं फायबर काढा, दीडशे ग्रॅमची दुहेरी पिशवी बुडाशी टाकून आतून पकडा. हसणारं तोंड मागच्या बाजूनं, दोऱ्याला धक्का देत हळूहळू उसवा. लवेमुळे भोकं झाकली जातात, पण कापड तिथे नाजूक झालेलं असतं, म्हणून आतून इस्त्रीनं चिकटणारी पातळ कापडी पट्टी लावा, इस्त्री मंद आणि लवेच्या बाजूनं कधीच नाही. तोंड परत भरू नका. डोळे आहेत तिथे राहू द्या. पावाच्या खालून मातकट कॉर्डरॉयचे दोन पाय काढा, प्रत्येकी सात सेंटीमीटर, आत जवळजवळ काही न भरता, म्हणजे ते टेबलाच्या कडेवरून लोंबतील. मग तो डेस्कवर ठेवून फोटो काढा आणि त्याला एखाद्या माणसाचं नाव द्या. किंमत ९९९. बाकीचे २५ तोवर कपाटातच, प्रत्येकाच्या पिशवीत सिलिकाची पुडी टाकून, पावसाळा तोंडावर आहे.

शेजारची मिरची वेगळी शिवून लावली आहे असं फोटोत दिसतंय. ती मशीनच्या दोन ओळींनी आतल्या शिवणीत पकडून घ्या, वरवरच्या हातटाक्यावर ठेवू नका. जो कोणी तो वडापाव हातात घेईल तो सगळ्यात आधी मिरचीच ओढणार.